पूर ओसरला, छातीतली धडधड ओसरत नाही

"माझे वय ४१. आमचे घर चिपळूणला, बाजारपेठेजवळ, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ च्या पहाटे घरात पाणी शिरले, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन मी शेजाऱ्यांच्या माडीवर गेले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही तिथेच होतो. पुढचे आठ-दहा दिवस चिखल उपसण्यात गेले. तेव्हा मीच सगळ्यांना धीर देत होते. मग पंधराएक दिवसांनी एका रात्री पडवीच्या पत्र्यावर मोठी सर आली आणि माझे हातपाय कापू लागले. तेव्हापासून दर पावसाळ्यात हेच. रात्रभर जागते, दर दहा मिनिटांनी मोबाइलवर नदीची पातळी बघते. मागे एका लग्नात हॉलबाहेरच्या जनरेटरचा डिझेलचा वास आला आणि मी भरल्या ताटावरून उठले. का, ते मलाच कळेना. पुण्याला बहिणीकडे भर पावसात महिनाभर राहिले, तिथे काही झाले नाही. वाटले, गेली भीती. परत आले आणि पहिल्याच रात्री पुन्हा तेच. मुलगा म्हणतो, पुरातले त्याला काही आठवत नाही; पण पाऊस वाढला की मला चिकटतो. सासूबाई म्हणतात, 'विसरून जा, मनाचे खेळ आहेत.' भाच्याने वाचले आहे की बीपीची एक गोळी घेतली की भीतीची आठवण पुसली जाते. मला दमा आहे, अधूनमधून पंप घ्यावा लागतो. ही आठवण मेंदूत कुठे बसली आहे आणि ती निघेल का?"
— एक वाचक, चिपळूण

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला डिझेलच्या वासाचे वाटले. पुराच्या पाण्यावर तेलाचा तवंग होता की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. परंतु शेकडो वाहने पाण्याखाली गेलेल्या गावात तो असणारच, आणि माडीच्या खिडकीपर्यंत तो वास आला असणार. तुम्हाला त्याची आठवण नाही. तुमच्या शरीराला मात्र आहे. ताटावरून उठताना 'का ते कळेना' असे जे तुम्हाला वाटले, त्यात वेडेपणा काहीच नाही, कारण भीतीच्या प्रसंगाच्या दोन वेगवेगळ्या आठवणी मेंदू दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो आणि त्यांपैकी एकीला शब्द नसतात.

ही गोष्ट फार जुन्या काळापासून वैद्यांच्या नजरेत आलेली आहे. जिनिव्हातील डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. या बाईंच्या लक्षात नवे काहीच राहत नसे. डॉक्टरांना त्या रोज भेटत आणि रोज त्यांना परके समजत. एकदा क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या वेळी हात पुढे करताच बाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. टाचणीचा प्रसंग त्यांना आठवत नव्हता, समोरचा माणूसही ओळखीचा वाटत नव्हता, तरी हाताला काय करायचे ते ठाऊक होते. (असा प्रयोग आज कोणी केला तर त्याची गय होणार नाही आणि ते योग्यच आहे.)

पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी तपासली. पडद्यावर ठरावीक रंग आला की कानठळ्या बसवणारा भोंगा वाजे. ज्या रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी झाला होता, त्याला तो रंग दिसताच तळहाताला घाम येई, पण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते सांगता येत नसे. जिचा अमिग्डाला हा मेंदूतलाच दुसरा भाग निकामी होता, ती रुग्ण सगळे बिनचूक सांगे, पण तिचा तळहात कोरडाच राही. हिप्पोकॅम्पसमुळे 'कधी, कुठे, कोणासमोर' ही हकिकत टिकते, तर अमिग्डालामुळे 'हे दिसले की सावध हो' एवढाच हुकूम टिकतो. चिपळूणच्या त्या पहाटेची हकिकत तुम्ही मला व्यवस्थित लिहून पाठवलीत, ती पहिल्या खात्यातली. पत्र्यावर सर येताच जे कापतात, ते हातपाय दुसऱ्या खात्यातले आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. अमिग्डाला म्हणजे कानांच्या पातळीवर, मेंदूत आत दोन्ही बाजूंना असलेला बदामाएवढा पेशीसमूह; ग्रीक भाषेतील बदामाच्या शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. कानावर पडलेला आवाज थॅलॅमस नावाच्या नाक्यावर येतो आणि तिथून दोन वाटांनी पुढे जातो. एक वाट मेंदूच्या बाह्य आवरणातून जाते. तिथे आवाजाची नीट ओळख पटते, पण वेळ लागतो. दुसरी थेट अमिग्डालाकडे जाते. तिच्यावरून जाणारे चित्र कच्चे असते, पण ते आधी पोहोचते. न्यूयॉर्कमधील जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ही जवळची वाट दाखवून दिली. वेदान्तातला दोरीवर साप दिसण्याचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. अंधारात आधी दचकायचे आणि मग ती दोरी आहे हे कळायचे, हा क्रम बदलता येत नाही तो या दोन वाटांमुळे. वासाची गोष्ट याहूनही जवळची, कारण वास हा थॅलॅमसच्या नाक्यावर न थांबता अमिग्डालाच्या दारात जाणारा संदेश आहे. म्हणून जनरेटर ओळखण्याच्या आधीच तुम्ही उठलात.

त्या पहाटे अमिग्डालात एकाच वेळी दोन प्रकारचे संदेश येत होते. एक साध्या गोष्टींचे, म्हणजे पत्र्यावरचा आवाज, अंधार आणि डिझेलचा वास. दुसरे जिवावर बेतल्याचे. एरवी पत्र्याच्या आवाजाचा संदेश तिथल्या पेशींना फारसा हलवू शकत नाही, पण तो जीवघेण्या संदेशाच्या जोडीने आला की तो आणणाऱ्या पेशी आणि या पेशी यांच्यामधला सांधा बळकट होतो आणि पुढे नुसत्या आवाजानेही त्या पेशी पेटून उठतात. हा सांधा लगेच पक्का होत नाही. पुढच्या काही तासांत पेशी नवी प्रथिने तयार करतात आणि तो बांधून काढतात. त्याच वेळी रक्तात सुटलेले ॲड्रिनॅलिन आणि मेंदूत पसरलेले नॉरॲड्रिनॅलिन हे बांधकाम आणखी भक्कम करतात. टोरांटोमधील संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांच्या अमिग्डालातील नेमक्या त्या आठवणीत गुंतलेल्या मूठभर पेशी नष्ट केल्या, तेव्हा ती भीती गेली, मात्र ते उंदीर पुन्हा नव्याने भीती शिकू शकले. तेव्हा 'आठवण कुठे बसली आहे' या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ती एखाद्या ठिपक्यात नसून काही मोजक्या पेशींमधल्या सांध्यांत बसली आहे, आणि त्या पेशींचे धागे हृदयाची धडधड, श्वास, घाम आणि स्नायू यांना चालवणाऱ्या केंद्रांपर्यंत गेलेले आहेत. सासूबाईंना सांगा की हे मनाचे खेळ असले, तरी खेळाचे मैदान चांगलेच हाडामांसाचे आहे.

चिखल उपसताना तुम्ही खंबीर होता आणि भीती पंधरा दिवसांनी उगवली, याचे तुम्हाला नवल वाटते, किंबहुना थोडी लाजही वाटते, असे पत्रावरून दिसते. याविषयी बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मला फार मोलाचे वाटते. उंदरांना एकदाच, दोन तास, हालचाल करता येणार नाही असे अडकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी अमिग्डालातील पेशींमध्ये काही बदल दिसला नाही. दहाव्या दिवशी मात्र त्या पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे इतर पेशींचे सांधे जुळतात त्या जागा, वाढलेल्या होत्या आणि उंदीर अधिक घाबरट झाले होते. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याआधी याच गटाने दाखवले होते की दीर्घकाळच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडतात, तर अमिग्डालातील फांद्या उलट फोफावतात आणि ताण संपून तीन आठवडे झाले तरी आखडत नाहीत. माणसाचा मेंदू म्हणजे उंदराचा मेंदू नव्हे, हे मान्य. पण 'तेव्हा घाबरली नाही, आता कशी घाबरते' असे कोणी विचारले तर त्याला हे दहा दिवस जरूर सांगावेत.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, हे आपल्याकडे शेकडो वर्षे सांगितले जात आहे. भीती मूळ गोष्टीपुरती राहत नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, वास येणाऱ्या सगळ्यांवर ती पसरते. यावर अधिक लिहीत नाही, कारण खरा प्रश्न पुढचा आहे.

पुण्यात महिनाभर पाऊस सोसूनही चिपळूणला पहिल्याच रात्री भीती परत का आली? येथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. भीती कमी होते तेव्हा जुनी आठवण बहुधा पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'पाऊस आला आणि काही झाले नाही' अशी दुसरी, नवी आठवण तयार होते, आणि कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग तिच्या बळावर अमिग्डालाला आवर घालतो. रशियातील पावलोव यांच्या हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. घंटेनंतर खाणे मिळते हे शिकलेल्या कुत्र्यांना वारंवार नुसती घंटा वाजवून खाणे न दिल्यावर त्यांची लाळ थांबे, पण काही काळ गेल्यावर घंटा वाजवली की ती पुन्हा सुटे. म्हणजे मूळचे शिकणे कुठेतरी शाबूत होते. अमेरिकेतील मार्क बाउटन यांनी पुढे अनेक वर्षे याचाच पाठपुरावा केला आणि असे दाखवले, की भीतीची आठवण कुठेही जागी होते, पण निर्धास्तपणाची आठवण ती ज्या जागी शिकली गेली त्या जागेला चिकटून राहते. पुण्यातल्या सिमेंटच्या छताखाली, बहिणीच्या घरात, नदीपासून दूर तुम्ही जे शिकलात, ते तुमच्या मेंदूने पुण्याच्या नावावर जमा केले. चिपळूणच्या खात्यात एक पैसाही आला नाही. तुमचा महिना वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण तुमचा मेंदू हे शिकू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. पण आता हाच धडा पडवीच्या त्याच पत्र्याखाली गिरवावा लागेल.

भाच्याच्या गोळीबद्दल. त्याने वाचले ते अगदीच निराधार नाही. २००० मध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि लेडू यांनी दाखवले, की पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने बांधून घ्यावे लागते. त्या वेळी उंदराच्या अमिग्डालात प्रथिनांची निर्मिती रोखणारे औषध सोडले तर ती भीती नंतर दिसत नाही. हे औषध माणसाला देता येण्याजोगे नाही. म्हणून नेदरलँड्समधील मेरेल किंट यांच्या गटाने २००९ मध्ये प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी निरोगी स्वयंसेवकांना देऊन पाहिली. कोळ्याचे चित्र आणि विजेचा सौम्य झटका यांची जोडी त्यांना आदल्या दिवशी शिकवलेली होती. गोळी देऊन ती आठवण जागी केल्यावर त्यांचे दचकणे नाहीसे झाले, पण कोणत्या चित्रानंतर झटका बसायचा हे त्यांना पक्के आठवत होते. म्हणजे पुसली गेली असेल तर भीती, हकिकत नव्हे. पुढे मात्र काही प्रयोगशाळांना हा परिणाम मिळाला, काहींना नाही, आणि प्रयोगशाळेतला एका दिवसाचा झटका कुठे नि तुमची ती पहाट कुठे. याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्हाला दमा आहे. प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात आणि दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचे आहे. पंपातले औषधही त्यापुढे नीट काम करीत नाही. ही गोळी दुकानातून आणून घेऊ नका. भाच्याला माझा निरोप सांगा की त्याची कळकळ समजली.

आणि सगळी भीती काढून टाकावी असे मला वाटतही नाही. आयोवाच्या प्रयोगातील जिचा तळहात कोरडा राहत असे, ती रुग्ण शास्त्रीय वाङ्मयात 'एस. एम.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले आहेत. साप आणि कोळी यांचे आपल्याला वावडे आहे असे सांगत असतानाच, दुकानात नेल्यावर ती साप कुतूहलाने हाताळू लागली आणि कोळ्यालाही हात लावू पाहत होती. आयुष्यात तिच्यावर चाकू आणि बंदूक रोखण्याचे प्रसंग आले, कारण धोक्याची चाहूल लागून बाजूला होणे तिला जमत नाही. वाशिष्ठी ही खरी नदी आहे, २००५ मध्येही ती गावात आली होती, आणि जुलैमध्ये तिच्याकडे लक्ष ठेवणारा माणूस शहाणाच म्हणावा लागेल. तुमची तक्रार भीती असण्याविषयी नसून, ऑगस्टमधल्या साध्या सरीला आणि लग्नाच्या हॉलला पुराचा मान मिळतो, याविषयी आहे.

म्हणून पहिले काम कागदावरचे. दिवसाउजेडी, कोरड्या हवेत, घरातल्या सर्वांना बसवून ठरवा की कोणता इशारा आला म्हणजे घर सोडायचे, कोणाकडे जायचे, कागदपत्रांची आणि औषधांची पिशवी कुठे ठेवायची, आणि रात्री सूचनेचा फोन कोण उचलणार. हा फोन तुमच्याकडे नको, यजमानांकडे असू द्या. एकदा हे ठरले की मोबाइलवर पातळी बघण्याच्या वेळा नेमून घ्या. सुरुवातीला तासाला एकदा, मग झोपण्यापूर्वी एकदा. दर दहा मिनिटांनी पाहणे म्हणजे खबरदारी असे वाटते खरे, पण त्यामुळे मेंदू असा निष्कर्ष काढतो की आपण पाहत राहिलो म्हणून वाचलो, आणि 'पाऊस आला, काही झाले नाही' हा धडा पूर्ण होत नाही. जागरणाचेही तसेच, नवे शिकलेले पक्के व्हायला झोप लागते आणि तुम्ही नेमकी तीच त्याला देत नाही.

दुसरे काम मृगाच्या आधी सुरू करावे. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज मोबाइलवर घ्या आणि दुपारी, पडवीतच, कोणीतरी सोबत असताना हळू आवाजात ऐका. ऐकण्यापूर्वी एका वहीत लिहा की आता काय होईल असे वाटते: 'मला उभे राहवणार नाही', 'श्वास कोंडेल', जे वाटेल ते. मग भीती चढू द्या आणि ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहा. चढत असताना उठलात तर उठण्यानेच सुटका झाली असे मेंदू शिकेल. शेवटी खरोखर काय झाले ते शेजारी लिहा. मेंदूला नवे शिकवते ती या दोन नोंदींमधली तफावत, त्यामुळे वही भरण्याचा कंटाळा करू नका. आवाज थोडा वाढवत न्यावा, मग संध्याकाळी, मग दिवे मालवून, आणि मृगाची पहिली सर आली की खऱ्या पत्र्याखाली. डिझेलचा वासही असाच, पेट्रोलपंपाजवळ थोडा वेळ थांबून. पंप, म्हणजे दम्याचा, हाताशी ठेवा. श्वास जड वाटला तर घाबरल्याने की दम्याने, याचा विचार करीत न बसता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो घ्या.

हे सर्व एकटीने करावे असे मात्र माझे म्हणणे नाही. तो प्रसंग डोळ्यांसमोर जसाच्या तसा घडताना दिसत असेल, वाईट स्वप्नांनी झोप मोडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जा आणि वहीचा हा अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली करा. आघातानंतरच्या अशा त्रासावर बोलण्यातून केले जाणारे उपचार परिणामकारक ठरलेले आहेत आणि गरज पडल्यास त्यांच्या जोडीला औषधेही आहेत. कोणी केवळ शांत झोपेची गोळी देऊ लागले तर त्यांना तुमच्या अभ्यासाविषयी सांगा, कारण अल्प्राझोलामसारख्या गोळ्या त्या रात्रीपुरती भीती दाबतात, पण नवे शिकण्यात अडथळा आणू शकतात. अशी गोळी आधीपासून चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; तिथे मराठीत बोलता येते.

राहिला मुलगा. तो खोटे बोलत नाही. अडीच वर्षांच्या वयात हिप्पोकॅम्पस पुरता तयार नसतो, त्यामुळे त्या काळाची हकिकत मोठेपणी सहसा कोणाला आठवत नाही. अमिग्डाला मात्र त्याआधीपासून काम करीत असतो. पण त्याच्या चिकटण्याला आणखी एक कारण असू शकते. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८४ मध्ये प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांच्या पिलांना त्यांचे आईबाप सापाला घाबरताना दाखवले आणि पिले स्वतःला काही न होताच घाबरू लागली. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. सर आली की चेहरा लपवण्याचा आटापिटा करू नका, मुलांना तो कळतो. त्याला सरळ सांगा, 'आईला त्या पुराची भीती वाटते, आता वाटते आहे, थोड्या वेळाने कमी होईल', आणि ती कमी होताना त्याला पाहू द्या. वहीत दुसरी नोंद करायची वेळ आली की ती त्याच्याकडून लिहून घेता आली तर पाहा.

यंदाच्या २२ जुलैची आखणी आताच करून ठेवा. त्या तारखेला त्रास वाढतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या त्या शेजाऱ्यांना त्या दिवशी जेवायला बोलवा, आणि बेत तळमजल्यावर, तुमच्याच घरात करा.